बेला बार्तोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा माणसं रेकॉर्ड ऐकायला जमतात. बार्तोकची बैठक झाली की पुढचे आठ दिवस माझा फोन वाजत राहतो. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे मागे. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्तोक कोण, हे दोन ओळींत सांगा ना.

बेला बार्तोक (१८८१–१९४५) हा हंगेरीचा संगीतकार, पियानोवादक आणि लोकगीतांचा संग्राहक. गावोगाव हिंडून त्यानं शेतकऱ्यांची गाणी यंत्रावर उतरवून घेतली. त्या गाण्यांचे नियम आणि बाख-बेथोवेनकडून आलेली रचनेची शिस्त एकत्र करून त्यानं विसाव्या शतकातलं काही सर्वांत टिकाऊ संगीत लिहिलं.

२. बेला म्हणजे बाई ना? आणि बारटॉक म्हणायचं की बार्तोक?

पहिला प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी कुणीतरी हसतं. आपल्याकडे बेला मुलीचं नाव असलं तरी हंगेरीत ते पुरुषाचं आहे. याच्या वडिलांचं नाव बेला होतं आणि थोरल्या मुलाचंही.

हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, म्हणजे 'बार्तोक बेला'. त्यांचा आखूड 'आ' आपल्या 'ऑ'च्या जवळ जातो, त्यामुळे तिथला माणूस साधारण 'बॉर्तोक बेलॉ' असं म्हणेल. मराठीत 'बार्तोक' रुळलं आहे, तेच वापरावं. 'ट' मात्र नको, त्यांचा 'त' दंत्य आहे.

३. जन्मगाव नकाशावर रुमानियात दिसतं. मग तो हंगेरियन कसा?

तो जन्मला तेव्हा, २५ मार्च १८८१ रोजी, नॉजसेंतमिक्लोश हे गाव हंगेरीच्या राज्यात होतं. वडील तिथल्या शेतकी शाळेचे मुख्याध्यापक. बेला सात वर्षांचा असताना ते वारले, आणि शिक्षिका असलेली आई नोकरीसाठी मुलांना घेऊन गावं बदलत राहिली. जिथे अकरा वर्षांच्या बेलानं पहिल्यांदा लोकांसमोर पियानो वाजवला ते नॉजसॉलॉश आज युक्रेनमध्ये आहे. जिथे त्याचं शालेय शिक्षण पुरं झालं ते पोझोन्य आज ब्रातिस्लावा, म्हणजे स्लोव्हाकियाची राजधानी.

एकाच माणसाचं बालपण आज तीन देशांत वाटलं गेलंय. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहात, हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला आणि त्याबरोबर बार्तोकनं गाणी गोळा केली होती ती बरीचशी गावंही गेली. याचा त्याला काय त्रास झाला ते प्रश्न १५ मध्ये आहे.

४. हंगेरियन संगीत तर लिस्ट आणि ब्राम्सनं आधीच जगापुढे आणलं होतं. यानं वेगळं काय केलं?

लिस्ट आणि ब्राम्स हे एकोणिसाव्या शतकातले संगीतकार. लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडी किंवा ब्राम्सची हंगेरियन नृत्यं ऐकताना जे कानावर येतं ते शहरातल्या कॅफेंत रोमा वादकांचे ताफे वाजवत ते संगीत. (यांना पूर्वी जिप्सी म्हणत.) त्यात सैन्यभरतीच्या वेळी नाचायच्या चाली होत्या आणि शिकल्यासवरल्या हौशी लोकांनी रचलेली लोकप्रिय गाणी होती. ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याची चाल केलेर बेला नावाच्या संगीतकारानं रचलेल्या चार्दाशची (हा हंगेरियन नाचाचा एक प्रकार) आहे. ब्राम्सला ती लोकगीत वाटली होती.

म्हणजे वादन रोमांचं, पण मालमसाला शहरी. लिस्टनं १८५९ च्या आपल्या पुस्तकात हे संगीत मुळात रोमांचंच असल्याचं लिहिलं आणि गोंधळ आणखी वाढवला. खेड्यातली शेतकरी बाई काय गाते, हे जाऊन ऐकण्याची गरज तोवर फार थोड्यांना वाटली होती.

हे संगीत कमअस्सल, असं मात्र मी म्हणणार नाही. लिस्ट लिस्टच्या जागी थोर आहे. बार्तोक स्वतः या शहरी ताफ्यांबद्दल फटकळ लिहायचा, आणि तिथे तो थोडा अन्यायच करतो असं माझं मत आहे. त्याचं सगळ्यात लोकप्रिय काम 'रुमानियन लोकनृत्यं', आणि त्यातली पहिलीच चाल त्याला मिळाली ती ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका गावातल्या दोन रोमा फिडलवाल्यांकडून!

५. मग त्याला हा नाद लागला कसा? लहानपणापासूनच गावाकडची आवड होती का?

नाही. बावीस वर्षांचा होईपर्यंत तो रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकाराच्या नादी लागलेला होता. १९०३ साली त्यानं 'कोशुत' ही मोठी वाद्यवृंदरचना लिहिली. हंगेरियन स्वातंत्र्यलढ्याचा नायक कोशुत तिचा विषय. तिच्यात ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीताची वाकडीतिकडी नक्कल होती, आणि पुढच्या वर्षी ती बुडापेस्टमध्ये वाजली तेव्हा त्यावरून भरपूर गहजब झाला. तरुण बार्तोक कडवा राष्ट्रवादी होता. त्याच्यातला 'हंगेरियन'पणा मात्र तोवर कॅफेतलाच होता.

१९०४ च्या उन्हाळ्यात तो गेर्लित्से नावाच्या वस्तीवर राहायला होता. तिथे एका कुटुंबाबरोबर आलेली लिदी दोशा नावाची अठरा वर्षांची मोलकरीण काम करता करता गात होती. ती ट्रान्सिल्व्हेनियाची. लाल सफरचंदाचं एक गाणं त्याच्या कानावर पडलं, त्यानं ते लिहून घेतलं, आणि तिला येत असलेली आणखी गाणी विचारत बसला. पुढच्या वर्षी त्याची झोल्तान कोडाय या हंगेरियन संगीतकाराशी गाठ पडली. लोकगीतांचा अभ्यास शिस्तीनं कसा करतात ते कोडायला ठाऊक होतं. १९०६ साली दोघांनी मिळून पियानोच्या साथीसह वीस हंगेरियन लोकगीतं छापली, प्रत्येकी दहा.

६. गाणी 'गोळा करायचा' म्हणजे नक्की काय करायचा?

एडिसनचा फोनोग्राफ, मेणाच्या नळकांड्यांची खोकी आणि वह्या बैलगाडीत घालून तो खेड्यात जायचा. गाणाऱ्याला यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून गायला लावायचं. आवाजाच्या कंपनानं सुई मेणावर खाच पाडते. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटं मावतात, त्यामुळे दहा कडव्यांचं गाणं असलं तरी दोन-तीनच घेता येतात. गाणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि तारीख वहीत लिहायची. घरी आल्यावर नळकांडं पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलिपी करायची. बारीक हरकती नीट कळाव्यात म्हणून तो यंत्राचा वेग कमी करून ऐकायचा. त्याच्या नंतरच्या स्वरलिप्या बघितल्या तर एका साध्या ओळीवर मुंग्यांची रांग लागावी तशी छोट्या स्वरांची गर्दी दिसते. गाणारीनं जे गायलं ते सगळं त्यात उतरलंय.

खरी अडचण माणसांची. १९०७ च्या उन्हाळ्यात तो ट्रान्सिल्व्हेनियात फिरत होता. तिथून त्यानं व्हायोलिनवादक स्टेफी गायरला (तिच्यावर त्याचं प्रेम होतं, तिचं नव्हतं) एक पत्र लिहिलं आणि त्यात एका बाईशी झालेली आपली झटापट नाटकातल्या संवादासारखी मांडली. हा जुनी गाणी मागतोय, ती म्हणतेय मला कुठली येतात. हा विनवण्या करतोय, आणि शेवटी ती गाते ती याला नको असलेलीच गाणी. आपल्याकडे ज्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्यात त्यांना 'मला मेलीला काय येतंय' हे वाक्य नवं नाही.

तरी त्याची म्हाताऱ्या बायकांवरच जास्त भिस्त होती. लष्करात जाऊन आलेले पुरुष बाहेरची गाणी घेऊन परतत. गाव न सोडलेल्या बाईकडे जुनं टिकून राहण्याची शक्यता अधिक.

हे काम त्यानं हंगेरियन गावांपुरतं ठेवलं नाही. स्लोव्हाक, रुमानियन, रुथेनियन गावं झाली, १९१३ साली अल्जीरियातल्या बिस्क्राच्या परिसरात अरबांची गाणी घेतली आणि १९३६ साली तुर्कस्तानात अदानाच्या भागात गेला. एकट्या रुमानियन चालीच सुमारे ३,५०० भरतात. खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काढलेले दिवस आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, असं तो म्हणत असे. तसा हा माणूस अबोल, तब्येतीनं नाजूक, आणि शहरात चारचौघांत अवघडून जाणारा.

७. जुनी हंगेरियन गाणी असतात तरी कशी? आपल्या रागांसारखी का?

जुन्या थरातली गाणी पाच स्वरांची. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हार्मोनियमवर वाजवून बघा, हे धानीचे स्वर आहेत. पण इथे थांबा. स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही. धानीचं चलन, न्यास, बढत यांतलं काही तिथे नाही.

त्यांची स्वतःची घडण अशी: चार ओळी, चाल वरून सुरू होऊन खाली उतरते, आणि पुष्कळदा शेवटच्या दोन ओळी म्हणजे पहिल्या दोनच, फक्त पंचमाच्या अंतरानं खाली. म्हणण्याच्या तऱ्हा दोन. एक बोलल्यासारखी, शब्द ओढतील तशी लय सैल सोडणारी. दुसरी पक्क्या तालातली, नाचायची. एकोणिसाव्या शतकात रुळलेल्या नव्या गाण्यांत पहिली ओळ शेवटी परत येते. ती बहुतेक तालातलीच असतात.

तुर्कस्तानात गेल्यावर पहिल्याच म्हाताऱ्यानं गायलेलं गाणं बार्तोकला जुन्या हंगेरियन गाण्यासारखं वाटलं आणि स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. व्होल्गाकाठच्या मारी लोकांच्या गाण्यांशी असंच साम्य कोडायनं दाखवलं होतं. हंगेरियन लोक पूर्वेकडून आले, त्या प्रवासाची खूण गाण्यांत राहिली असं दोघांना वाटत होतं.

८. शेतकऱ्याची चाल घ्यायची आणि खाली पियानो लावायचा. यात त्याचं स्वतःचं काय?

हा प्रश्न त्यालाही विचारला जायचा, आणि १९३१ च्या एका लेखात त्यानं उत्तर दिलंय. लोकसंगीत वापरण्याच्या त्यानं तीन पायऱ्या सांगितल्या.

पहिली: चाल जशीच्या तशी, साथ आपली. 'रुमानियन लोकनृत्यं' (पियानोसाठी १९१५, वाद्यवृंदासाठी १९१७) या पायरीवरची. सोपी वाटते, पण सगळ्यात फसवी. युरोपात चालीखाली स्वरमेळ, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, हवा, आणि गावातल्या चालीला तो मुळात नसतो. बाजारात मिळणारे तयार स्वरमेळ लावले तर शेतकऱ्याला भाड्याचा कोट घातल्यासारखं होतं. बार्तोकनं उलटं केलं. जुन्या चालींत कोमल निषाद ग आणि प यांच्याइतकाच ठामपणे येतो, मग सा-ग-प-नि एकदम वाजवले तर तो स्वरमेळ विसंवादी का मानायचा? युरोपीय व्याकरणात असा निषाद पुढे कुठेतरी 'सुटावा' लागतो. याच्याकडे तो निवांत बसून राहतो. चालीत जे एकामागून एक येतं तेच साथीत एकत्र आणायचं, अशी ही युक्ती.

दुसरी पायरी: चाल स्वतःची, पण लोकगीताच्या वळणाची. १९०८ च्या 'दहा सोप्या रचनां'मधली 'खेड्यातली संध्याकाळ' घ्या. लोकगीतच वाटतं, पण दोन्ही चाली त्याच्या आहेत. एक सैल, एक नाचरी. प्रश्न ७ मधल्या दोन्ही तऱ्हा तिथे शेजारी-शेजारी ऐकता येतात.

तिसरी: चाल नाही, नक्कलही नाही, पण सगळी हवा तीच. इथे तो मातृभाषेचा दाखला देतो. कवीला जशी मातृभाषा येते तशी संगीतकाराला ती बोली आली पाहिजे. १९२३ ची 'डान्स सूट' या पायरीवरची. बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही शहरं एक झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून लिहून घेतलेली रचना. तिच्यात एकही खरं लोकगीत नाही. अरबी, रुमानियन, हंगेरियन वळणं मात्र हातात हात घालून नाचतात. राजधानीच्या उत्सवासाठी, देश तुटल्यानंतर तीन वर्षांनी, शेजाऱ्यांना नाचात घेणारी रचना लिहायला धाडस लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर बार्तोकचं मोठेपण या तिसऱ्या पायरीत आहे. चाली अनेकांनी उचलल्या. यानं व्याकरण उचललं.

९. आणि युरोपीय परंपरेतून काय घेतलं?

बांधणी. बाखकडून स्वरांच्या ओळी एकमेकींत विणण्याची कला, बेथोवेनकडून एका लहानशा स्वरसमूहातून सगळी इमारत उभी करण्याची सवय, फ्रेंच संगीतकार देब्युसीकडून स्वरमेळाची मोकळीक. देब्युसीची छापील संगीतं कोडायनं १९०७ साली पॅरिसहून आणून दिली. त्यात आपल्या खेडुतांचेच पाच स्वर पाहून बार्तोक चकित झाला.

दोन्ही धागे एकत्र बघायचे तर १९३६ ची 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा यांसाठी संगीत' ऐका. पहिला भाग फ्यूग आहे, म्हणजे बाखच्या घरचा प्रकार. एकच चाल एकेक वाद्यसमूह उचलत जातो, प्रत्येक वेळी पंचमाच्या अंतरानं, आळीपाळीनं वर आणि खाली, आणि मूळ स्वरापासून सगळ्यात दूरच्या टोकाला पोचून परत घरी येतो. पण चाल कशी आहे? अरुंद, कुजबुजल्यासारखी, लय सतत सरकती. शेवटच्या भागात तीच चाल मोकळी होऊन, रुंद स्वरांत, नाचत येते.

१०. 'बल्गेरियन ताल' म्हणजे आपला रूपकच ना?

मात्रा जुळतात, चाल जुळत नाही. रूपक ३+२+२, आणि बल्गेरियन सातचा एक नेहमीचा प्रकार २+२+३. तोंडानं म्हणा: तक तक तकिट, तक तक तकिट. आता वेग वाढवत जा. एका जागी सात मात्रा मोजणं अशक्य होतं आणि फक्त तीन पावलं उरतात, दोन आखूड आणि एक लांब. बल्गेरियन नाचणारा सात मोजत नाही, तो ही तीन पावलं टाकतो. तुर्कांच्या भाषेत अशा तालाला 'अक्साक' म्हणजे लंगडा म्हणतात, आणि वर्णन चपखल आहे.

रूपकात ठेका आहे, आवर्तन आहे, समेवर येण्याची गंमत आहे. इथे तसं मोठं आवर्तन नसतं, फक्त चालत राहणं असतं. त्यामुळे ज्यांना तबला येतो त्यांनी मोजणं सोडून पाय आपटत ऐकावं, लवकर कळतं. आमच्या बैठकीतल्या एका तबलेवाल्यानं पंधरा मिनिटं बोटांवर हिशेब केला आणि शेवटी उठून चालायलाच लागला.

नमुने: 'मिक्रोकॉसमॉस'मधल्या १४८ ते १५३ क्रमांकाच्या सहा रचना (१४९ मध्ये २+२+३ आहे, १५३ मध्ये ३+३+२), आणि पाचव्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) मधला भाग, ४+२+३.

११. ऐकायला कर्कश वाटतं. सुरुवात कुठून करू?

कर्कश वाटतं ते बहुधा मधलं काम आधी ऐकल्यामुळे. पियानो म्हणजे शेवटी हातोडीनं वाजणारं वाद्य, हे बार्तोक लपवत नाही. चौथ्या क्वार्टेटमध्ये (१९२८) तो व्हायोलिनची तार इतकी ताणून सोडायला सांगतो की ती पट्टीवर आपटून फाडकन वाजते. त्या तऱ्हेला आज सगळीकडे 'बार्तोक पिझिकातो' म्हणतात.

माझा क्रम असा. आधी 'रुमानियन लोकनृत्यं', सहाएक मिनिटांचं काम. मग 'डान्स सूट'. मग १९४३ चा 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा', चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. त्यानंतर प्रश्न ९ मधली रचना. क्वार्टेट एकदम सहाच्या सहा ऐकू नका, चौथा आणि पाचवा पुरे. 'निळ्या दाढीवाल्याचा किल्ला' (१९११) हा तासाभराचा ऑपेरा. त्यात माणसं दोनच आणि बंद दारं सात. तो रात्री, दिवे घालवून ऐका.

आणि एक आडवाट: १९२६ च्या 'घराबाहेर' या पियानोरचनांतली चौथी, 'रात्रीचं संगीत'. बेडूक, रातकिडे, मधूनच लांबून येणारं एखादं गाणं. पावसाळ्यात गावाकडे झोपलेल्या माणसाला ती परकी वाटायची नाही.

१२. मुलगी पियानो शिकते, दुसरं वर्ष आहे. तिला काय देऊ?

'मुलांसाठी' (१९०८–०९). हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवरच्या छोट्या रचना, मुळात ८५. नंतर त्यानं काही गाळल्या आणि ७९ उरल्या, म्हणून दोन आवृत्त्यांतले क्रमांक जुळत नाहीत. शिकवणाऱ्याकडे कोणती आहे ते आधी विचारा.

'मिक्रोकॉसमॉस' म्हणजे सहा भागांत १५३ रचना, सोप्यापासून मैफलीपर्यंत चढत जाणाऱ्या. पहिले दोन भाग त्यानं आपल्या धाकट्या मुलाला, पेतेरला, अर्पण केलेत. सुरुवातीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, खरं सांगायचं तर मलाही वाटायचं. उपाय: आधी गायला लावा.

१३. कोडाय आणि बार्तोक यांत फरक काय?

कोडाय बहुतांशी हंगेरियन गाण्यात राहिला, समूहगायनाकडे वळला आणि शाळांतल्या संगीतशिक्षणाची पद्धत उभी केली. जगभर ती 'कोडाय पद्धत' म्हणून शिकवतात. बार्तोक सीमा ओलांडत गेला आणि रचनाशिक्षण त्यानं कधीच दिलं नाही. बुडापेस्टच्या अकादमीत १९०७ पासून तो फक्त पियानो शिकवायचा. १९३४ साली तेही सोडून विज्ञान अकादमीत लोकगीतांच्या कामावर गेला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

१४. त्याच्या रचना फिबोनाची आकड्यांवर बेतल्यात हे खरं का?

फिबोनाची म्हणजे प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज असलेली मालिका: २१, ३४, ५५, ८९ अशी. एर्नो लेंद्वॉई या हंगेरियन अभ्यासकानं तसं मांडलं आणि ते फार गाजलं. प्रश्न ९ मधल्या फ्यूगचं शिखर ५५ व्या तालखंडाशी (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला भाग, इंग्रजीत 'बार') आणि एकूण लांबी ८९, असं दाखवतात. अडचण अशी की छापील पानावर ८८ च आहेत. शेवटी एक मोकळा धरला की हिशेब बसतो. बार्तोकनं स्वतः असं काही कधी लिहिलं नाही, आणि लास्लो शोमफॉईनं त्याचे हस्तलिखित खर्डे तपासले तेव्हा त्यात असले आकडे सापडले नाहीत. चढउताराच्या तोलाची त्याची जाण अचूक होती, एवढं नक्की. कॅल्क्युलेटर त्याच्या हातात देऊ नये.

१५. त्याला देशद्रोही म्हणाले होते? आणि देश का सोडला?

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

पहिलं १९२० चं. त्यानं रुमानियन लोकसंगीतावर एक लेख छापला. त्रियानों तहाचं ते साल, ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे जात होतं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली की हा शत्रूच्या संस्कृतीचा गौरव करतोय. उलट काही रुमानियन लोकांना वाटायचं की हा हंगेरियन माणूस आमच्या गाण्यांवर हंगेरीचा शिक्का मारतोय. 'कोशुत' लिहिणारा राष्ट्रवादी (प्रश्न ५) एव्हाना बदलला होता. पुढे एका पत्रात त्यानं लिहिलं की सगळ्या विग्रहांच्या वर उठून लोकांचा बंधुभाव हीच आपल्या कामामागची खरी कल्पना.

दुसरं नाझींच्या काळाचं. १९३७ साली त्यानं आपलं वादन जर्मन आणि इटालियन रेडिओला द्यायला मनाई केली. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत गेल्यावर व्हिएन्नातून वंशाची चौकशी करणारा फॉर्म आला. बार्तोक ज्यू नव्हता, भरून दिला असता तर काही बिघडलं नसतं. त्यानं आणि कोडायनं तो भरायला नकार दिला आणि बार्तोक तिथला प्रकाशक सोडून लंडनच्या बूझी अँड हॉक्सकडे गेला. आई होती तोवर तो देश सोडायला तयार नव्हता. १९३९ च्या डिसेंबरात ती गेली, आणि १९४० च्या ऑक्टोबरात तो पत्नी दित्ताबरोबर अमेरिकेला निघाला. जाण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं: बुडापेस्टमधल्या दोन चौकांना हिटलर आणि मुसोलिनीची नावं आहेत तोवर माझ्या नावाचा रस्ता, चौक किंवा इमारत देशात कुठेही करू नये.

१६. अमेरिकेत तो उपाशी मेला म्हणतात.

नाही. तो ल्युकेमियानं गेला, २६ सप्टेंबर १९४५ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. पैशांची ओढाताण होती. कोलंबिया विद्यापीठात सर्बो-क्रोएशियन गाण्यांच्या संग्रहावर काम मिळालं, पण ते तात्पुरतं. मैफली कमी झाल्या. १९४३ साली हार्वर्डची व्याख्यानं आजारपणामुळे अर्ध्यावर थांबली. उपचारांचा खर्च मात्र अमेरिकन संगीतकारांच्या संघटनेनं उचलला.

दान घ्यायचं नाही हा त्याचा हट्ट होता. म्हणून व्हायोलिनवादक सिगेती आणि कंडक्टर राइनर या जुन्या मित्रांनी खटपट केली आणि बॉस्टन वाद्यवृंदाचे कुसेवित्स्की हजार डॉलर्सचं काम घेऊन इस्पितळात त्याच्याकडे गेले. त्यातून 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' झाला, सारानॅक लेकच्या मुक्कामात, दोन महिन्यांच्या आत. हे दान होतं हे त्याला कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

१९८८ साली त्याच्या अस्थी न्यूयॉर्कहून बुडापेस्टला नेऊन सरकारी इतमामानं पुरल्या.

१७. तिसरा पियानो कॉन्चेर्टो आणि व्हायोला कॉन्चेर्टो पूर्ण त्याचेच का?

पियानोचा जवळजवळ पूर्ण. दित्ताच्या वाढदिवसासाठी लिहीत होता. शेवटच्या १७ तालखंडांचं वाद्यवृंदलेखन राहिलं, ते टिबोर शेर्ली या मित्रानं केलं. व्हायोलाचं तसं नाही. तिथे फक्त कच्चा खर्डा होता, शेर्लीनं तो जुळवला आणि १९४९ साली विल्यम प्रिमरोजनं वाजवला. पुढे मुलगा पेतेर यानं वेगळी आवृत्ती काढून घेतली. म्हणून दोन रेकॉर्डी वेगळ्या वाटल्या तर कान तपासायला जाऊ नका.

१८. त्याचा भारताशी काही संबंध?

तो इथे कधी आला नाही. त्याच्या माणसांमार्फत मात्र धागा आहे. एकल व्हायोलिनसाठीचा त्याचा सोनाटा (१९४४) येहुदी मेनुहिन या व्हायोलिनवादकानं मागून घेतला आणि पहिल्यांदा वाजवला. तोच मेनुहिन १९५२ साली भारतात आला, मुंबईत वाजवून गेला आणि पुढे रविशंकरांबरोबर बसला. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' रेकॉर्ड केलाय, तो ऐकण्यासारखा आहे.

१९. कार्यक्रमात वाजवायला किंवा व्हिडिओत वापरायला परवानगी लागते का?

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना इथे २००६ पासून मोकळ्या. युरोपीय संघात ७० वर्षं, म्हणून २०१६. अमेरिकेत मात्र जुन्या रचनांचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो, त्यामुळे शेवटच्या काळातल्या रचना तिथे अजून बांधलेल्या आहेत. जगभर दिसणारा व्हिडिओ असेल तर हे लक्षात ठेवा. मृत्यूनंतर दुसऱ्यांनी जुळवलेलं काम (प्रश्न १७) आणि कुणाचंही ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात.

२०. ज्यांच्याकडून गाणी घेतली त्या गावकऱ्यांना काय मिळालं?

मानधनाचा हक्क कुणालाच नव्हता, तशी कल्पनाही तेव्हा नव्हती. मैफलीच्या कागदावर 'बार्तोक: रुमानियन लोकनृत्यं' एवढंच छापलं जातं, आजही. पण त्याच्या संग्रहाच्या वह्यांत प्रत्येक चालीखाली गाव आहे, साल आहे, आणि बहुतेक ठिकाणी गाणाऱ्याचं नाव आणि वयही आहे. पुढच्या खेपेला आमच्या बैठकीत ती सहा मिनिटं लावण्याआधी मी त्या दोन फिडलवाल्यांच्या गावाचं नाव वाचणार आहे. मेझोसॉबॉद.